गाडी देण्याआधी डोक्याचं माप घ्या
मराठवाड्यातल्या दुचाकी शोरूमवाल्यांना खुलं पत्र

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतले शोरूमचे मालक, मॅनेजर आणि काउंटरवरची पोरं, सगळ्यांना सप्रेम नमस्कार.

मी सेलूची. बावीस वर्षं झाली, घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, जून आला की शाळेचे गणवेश. तुमच्या धंद्यातलं मला फारसं कळत नाही, पण माप कळतं. आणि या पत्रात मापाबद्दलच बोलायचं आहे.

गेल्या पाडव्याला माझ्या धाकट्या दिरानं नवी गाडी घेतली. घरातली सात माणसं आम्ही शोरूमला गेलो होतो. तुम्हाला तो सोहळा रोजचाच. गाडीला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढच्या चाकाखाली लिंबू, पेढ्यांचा बॉक्स, पुठ्ठ्याची हातभर लांब चावी धरून फोटो. त्याआधी तासभर कागदांवर सह्या झाल्या. सीट कव्हर कोणत्या रंगाचं, क्रॅश गार्ड साधं की जाड, जाऊबाईंसाठी साडी गार्ड आहे ना, सगळं विचारून झालं. शेवटी आतून एक मुलगा प्लास्टिकच्या पिशवीतलं हेल्मेट घेऊन आला, "दादा, हे गाडीसोबत फ्री" म्हणाला आणि आरशाला अडकवून गेला. दिरानं ते घालून पाहिलं नाही. घालून बघा, असं कुणी म्हणालंही नाही. छातीचं, कमरेचं, दंडाचं माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही, आणि मी तिथंच उभी होते. मलाही सुचलं नाही. ते अजून मनाला लागून राहिलंय.

एकोणिसाव्या दिवशी तो पाथरीहून रात्री नऊच्या सुमारास परत येत होता. रोही (नीलगाय) आडवा आला. आपल्याकडच्या माणसाला रोही म्हणजे काय ते सांगायला नको. उसाच्या फडातून उसळतो तो थेट रस्त्याच्या मधोमध. गाडी फार जोरात नव्हती. ब्रेक लागला, गाडी घसरली, दीर डाव्या अंगावर पडला आणि डोकं मागच्या बाजूनं डांबरावर आपटलं. त्या वेळी डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सकाळी आमचे हे जागेवर गेले, तेव्हा ते वीस-पंचवीस पावलांवर बांधाला पडलेलं दिसलं. पट्टा लावलेलाच होता. बकल घट्ट बंद.

म्हणजे पोरानं हेल्मेट घातलं होतं, पट्टाही लावला होता, आणि पडताना ते डोक्यावरून सरळ निघून गेलं.

हे लिहिताना ते हेल्मेट माझ्या मशीनच्या टेबलावर आहे. मागं ६०० आकडा आहे. हे मिलिमीटरमधलं माप, म्हणजे साठ सेंटिमीटर घेराच्या डोक्यासाठी. दीर घरी आला, टाके सुकले, तेव्हा मी टेप घेतली आणि त्याचं डोकं मोजलं. छप्पन्न भरलं. चार सेंटिमीटरचा फरक. चार सेंटिमीटर ढगळ ब्लाउज मी शिवला, तर बाई दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात आणून टाकते, आणि तिचं बरोबरच असतं.

दीर वाचला, देवाची कृपा. पण त्याला आता वास येत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याला मागून मार बसला की आतला मेंदू हिसक्यानं हलतो आणि नाकाकडच्या बारीक नसा तुटतात. त्याचं स्टेशनजवळ चहाचं छोटं हॉटेल आहे. दूध बुडाला लागलं तरी त्याला कळत नाही. गॅस सुटला तर तेही कळणार नाही, म्हणून जाऊ आपली घरची कामं सोडून दिवसभर त्याच्याजवळ उभी असते.

त्या शोरूमचं नाव मी लिहिणार नाही. ते नियमाप्रमाणेच वागले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १३८ वा नियम सांगतो की दुचाकी विकताना भारतीय मानक ब्युरोच्या मानकाचं हेल्मेट सोबत द्यायचं. त्यांनी दिलं. हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का आहे आणि तो खराही आहे, मी तपासला. नियम पाळला गेला, शिक्का खरा निघाला आणि तरी डोकं उघडंच आपटलं, म्हणून तर हे पत्र.

तुमच्याकडं माझी मागणी अशी. हेल्मेट ही गाडीसोबत पिशवीत घालून द्यायची वस्तू नाही. चष्मेवाला चष्मा नाकावर, कानामागं बसवून देतो, तसं ते त्या माणसाच्या डोक्यावर बसवून द्या. हे तुम्हालाच का सांगते? कारण एकदा गाडी घरी गेली की तो माणूस पुन्हा हेल्मेटसाठी दुकानात जात नाही. गाडी घ्यायच्या दिवशी मात्र तो खिशात पैसे आणि मनात आनंद घेऊन तुमच्यासमोर उभा असतो, घरची माणसं सोबत असतात, आणि तुम्ही सांगाल ते ऐकायला तयार असतो. साडी गार्डसाठी तुम्ही दहा मिनिटं देता. तेवढीच दहा मिनिटं डोक्याला द्या.

माप घ्यायला शिंप्याची साधी टेप पुरते. भुवयांच्या वर दोन बोटं जागा सोडायची, कानांच्या वरून टेप न्यायची आणि मागं डोकं जिथं सगळ्यात जास्त बाहेर आलेलं असतं तिथून फिरवून आणायची. दोन-तीनदा घ्यायची आणि मोठं माप धरायचं. माझ्या घरात सगळ्यांची मापं घेतली. ह्यांचं ५८, माझं ५५, लेकीचं ५४, सासऱ्यांचं ५९. एका घरात चार मापं, आणि शोरूममधून मात्र येईल त्याला एकच नंबर.

पण टेपवर सगळं सोडू नका. डोकं कुणाचं लांबट असतं, कुणाचं गोल, आणि एकाच नंबरची दोन कंपन्यांची हेल्मेटं वेगवेगळी बसतात. म्हणून घालून बघायलाच हवं. नवं हेल्मेट थोडं आवळच पाहिजे. आतलं स्पंज वापरून दबतं. गाल थोडे आत दाबले जायला हवेत. हेल्मेट हातानं डावी-उजवीकडं हलवलं की कपाळाची कातडी त्याच्यासोबत ओढली गेली पाहिजे. हेल्मेट फिरलं आणि कातडी जागेवरच राहिली, तर ते मोठं आहे. कपाळावर एकाच जागी ठणका लागत असेल तर आकार चुकला. पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच सैल ठेवायचा.

आणि मग ती परीक्षा, जी त्या पाडव्याला एका मिनिटात झाली असती. पट्टा लावायचा. दुसऱ्या माणसानं मागं उभं राहून हेल्मेटची मागची खालची कड धरायची आणि वर उचलत पुढं ढकलायची, जणू डोक्यावरून टोपी उलटवतोय. निघालं, तर ते हेल्मेट त्या माणसाचं नाही, दुसरं आणा. मी बांधाला सापडलेलं ते ६०० नंबरचं हेल्मेट ह्यांच्या मदतीनं दिराच्या डोक्यावर हलक्या हातानं घालून पाहिलं. बकल बंद असताना ते मागून दोन बोटांनी उलटलं. त्यानंतर जाऊबाई आतल्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

माप एवढं का महत्त्वाचं, हे मला लेकीनं समजावलं. ती छत्रपती संभाजीनगरला इंजिनीअरिंगला आहे. वरचं कवच कडक प्लास्टिकचं किंवा फायबरचं असतं, ते मार पसरवतं आणि डांबरावर खरडलं जातं. पण डोकं वाचवतं ते आतलं जाड पांढरं अस्तर. ते थर्माकोलच असतं, पॅकिंगच्या खोक्यातल्यापेक्षा घट्ट. आपटलं की ते दबतं, चिरडतं, आणि त्या चिरडण्यात मार जिरतो. उभ्या गाडीवरून माणूस नुसता आडवा पडला तरी डोकं साधारण दीड मीटरवरून खाली येतं. लेकीनं वहीत मांडून दाखवलं, जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी १९-२० किलोमीटर असतो. "इथं मार्केटपर्यंतच तर जायचंय" म्हणणाऱ्यांना हे सांगा. उघडं डोकं डांबरावर दोन-तीन मिलिमीटरमध्ये थांबतं. तेच अस्तर दबत दबत पंचवीस मिलिमीटरमध्ये थांबवत असेल, तर कवटीवरचा जोर आठव्या ते बाराव्या हिश्श्यावर येतो. मला हे लगेच पटलं. दोऱ्याला हिसका दिला की तो तुटतो, सावकाश ओढला की टीप नीट बसते. दोरा तोच, हातही तोच.

म्हणून अस्तर आणि डोकं यांच्यात पोकळी राहिली की सगळं वाया. आणि म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं. वरून ओरखडाही दिसत नाही, पण आतलं अस्तर दबलेलं असतं, आणि दबलेलं थर्माकोल पुन्हा फुगत नाही. तुम्ही गाडी देताना हेल्मेट आरशाला अडकवता, तेसुद्धा थांबवा. आरशाचं टोक नेमकं त्या अस्तरात रुततं. पुसायला पेट्रोल किंवा थिनर वापरू नका असंही गिऱ्हाइकाला सांगा. त्यानं प्लास्टिक आणि अस्तर दोन्ही खराब होतात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

आता शिक्क्याबद्दल. गिऱ्हाईक तुम्हालाच विचारतं, "हे ओरिजिनल आहे का?" तेव्हा "एकदम ओरिजिनल" म्हणून विषय संपवू नका. १ जून २०२१ पासून देशात आयएसआय चिन्ह नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं, साठवणं, विकणं बंद आहे. मानकाचा क्रमांक आयएस ४१५१. खऱ्या चिन्हाच्या वर हा क्रमांक असतो आणि खाली 'सीएम/एल' अशी अक्षरं आणि पुढं परवाना क्रमांक. या मानकात हेल्मेट तापवून, गार करून, ओलं करून आपटतात आणि पट्टा झटक्यानं किती ताणतो ते बघतात. नुसतं आयएसआय लिहिलेलं आणि खाली क्रमांक नसलेलं स्टिकर म्हणजे कागदाचा तुकडा.

तो परवाना क्रमांक फोनवर तपासता येतो. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे. त्यात क्रमांक टाकला की कंपनीचं नाव, पत्ता, कोणत्या वस्तूचा परवाना आणि तो चालू आहे का, ते दिसतं. हे ॲप आम्हा बायकांना आधीच माहीत आहे, कारण सोन्याच्या दागिन्यावरचा सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, आम्ही त्यावरच तपासतो. दोन ग्रॅमच्या रिंगांसाठी मी सराफाच्या दुकानात फोन काढते. मग डोक्याच्या वस्तूसाठी का काढू नये? ह्यांनी दोन वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेला घेतलेल्या हेल्मेटवर मी हेच केलं. स्टिकर नखानं निघून आलं, आणि त्यावरच्या क्रमांकाची ॲपमध्ये नोंदच नव्हती. ते मी कात्रीनं पट्टा कापून टाकून दिलं, म्हणजे भंगारातून उचलून पुन्हा कुणाच्या डोक्यावर जायला नको. गिऱ्हाइकासमोर फोन काढा आणि क्रमांक टाकून दाखवा. तुमच्या मालावर तुमचा भरवसा असेल तर यात तोटा काहीच नाही.

पोरांना 'डॉट'चं स्टिकर आवडतं, म्हणून तेही सांगते. डॉट हे अमेरिकेचं मानक. तिथं कंपनी स्वतःच जाहीर करते की आमचं हेल्मेट मानकात बसतं, आणि सरकार नंतर बाजारातून नमुने उचलून तपासतं. युरोपातलं ईसीई वेगळं. त्यात विक्रीआधी नमुने प्रयोगशाळेत जातात, आणि २२.०६ या नव्या आवृत्तीत तिरकं आपटल्यावर डोकं किती गरकन फिरतं तेही मोजतात. ही मानकं चांगली आहेत, पण आपल्याकडच्या रस्त्यावर आयएसआय हवंच. आयएसआय आणि वरून ईसीई असेल तर आनंदच. नुसतं डॉटचं सुटं स्टिकर तर कुणीही छापून चिकटवतो. आणि बांधकामावरचं पिवळं टोपडं घालून गाडी चालवणारे दिसले, तर त्यांनाही सांगा. ते वरून विटा-दगड पडतील म्हणून असतं, त्याचं मानकच वेगळं, आयएस २९२५. रस्त्यावर आपटण्यासाठी ते केलेलंच नाही.

आता मागं बसणारीचं बोलते. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागू आहे, चालवणाऱ्याला आणि मागं बसणाऱ्यालाही. पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना त्यातून सूट आहे, नांदेडकरांना ते सांगायला नको. पण तुमच्या दारातून नवराबायको गाडीवर बसून जातात तेव्हा हेल्मेट एकच असतं, आणि ते तिचं नसतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात हेल्मेट नसताना अपघातात जीव गेलेल्यांची संख्या ५०,०२९ आहे. त्यातले १४,३३७ मागं बसलेले होते. आपल्याकडं बाई एका अंगानं बसते, एका हातात पिशवी, मांडीवर लेकरू. गचका बसला तर धरायला तिला हात तरी कुठं मोकळा असतो? आणि तिला वाटतं, हेल्मेट गाडी चालवणाऱ्याचं असतं. तिला हे कोण सांगणार? तुम्ही. तिचंही माप घ्या. फक्त अंबाडा उंच असेल तर तो सोडून खाली सैल वेणी घालायला सांगा, नाहीतर हेल्मेट वरच अडतं आणि कपाळ उघडं राहतं. काउंटरवर एखादी मुलगी कामाला असेल तर हे काम तिला द्या, बायका लाजणार नाहीत.

लहान लेकरांचंही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधायचा पट्टा, आणि वेग ताशी ४० च्या आत, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. आमच्या गल्लीत एकालाही माहीत नव्हता.

उन्हाचं कारण सगळे सांगतात, आणि ते खोटं नाही. एप्रिल-मेमध्ये परभणीत बेचाळीसच्या पुढं पारा जातो. माणसं डोक्याला दस्ती नाहीतर टॉवेल गुंडाळून त्यावर हेल्मेट चढवतात. जाड टॉवेलवर हेल्मेट बसतच नाही, पुन्हा तीच उलटायची भीती. मी जुन्या मलमलीच्या पातळ टोप्या शिवते, घाम टिपतात आणि रोज धुता येतात. माप घेताना ती टोपी घालूनच घ्यायचं. हेल्मेट फिकट रंगाचं, हवेची भोकं उघडता-मिटता येणारी असलेलं दाखवा. आणि रात्री चालवणाऱ्याला काळी काच देऊ नका, पारदर्शकच द्या. आपल्या रस्त्यांवर साखर कारखान्याच्या हंगामात मागं दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात.

यात तुमचा खर्च वाढेल का? थोडा वाढेल. चार मापांची हेल्मेटं ठेवावी लागतील, फुकटातलं एकच माप चालणार नाही. पण गिऱ्हाइकाला सांगून बघा. गाडीसाठी नव्वद हजार मोजणारा माणूस नीट बसणाऱ्या हेल्मेटसाठी वरचे हजार रुपये देणार नाही, असं आधीच ठरवू नका. आमच्या दिराला कुणी तो पर्यायच दिला नव्हता.

आणि तुमच्यात जो पहिला हे सुरू करेल, त्याला माझ्याकडून एक शब्द. पाडव्याला, दसऱ्याला, धनत्रयोदशीला माझ्या मशीनला सुट्टी असते. सेलू, परभणी, जिंतूर, पाथरी, जिथं बोलवाल तिथं टेप घेऊन येते, दिवसभर बसते आणि तुमच्या पोरांना माप घ्यायला शिकवते. पैसे नकोत.

आपली,
सेलूची एक शिवणकाम करणारी

ता. क. दिराला नवं हेल्मेट घ्यायला गेलो, तेव्हा ५६० नंबर सेलूत मिळाला नाही. परभणीत तिसऱ्या दुकानात मिळाला. दुकानदार म्हणाले, "ताई, हा नंबर कुणी मागत नाही." मी त्यांना माझी टेप देऊन आले.